उन्हासाठी ठेवलेले पाणी

सूर्यमाळच्या टेकाडावर तारेचे कुंपण घालून काही उपकरणे बसवली होती. पर्जन्यमापक होता, वाऱ्याची पंखी होती, पांढऱ्या झडपांच्या पेटीत तापमापक होते. कुंपणाच्या मधोमध लाकडी चौकटीवर पत्र्याचे एक रुंद, उथळ भांडे होते. पाखरांनी पाणी पिऊ नये म्हणून त्यावर तारेची जाळी. भांड्यात पाणी भरायचे आणि ते दिवसभर उन्हाला उडू द्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या सुईच्या टोकापर्यंत पाणी पुन्हा आणायला किती मापे ओतावी लागली ते मोजायचे. तेवढे पाणी हवेत गेले, असा हिशेब. आमच्या कागदपत्रांत या सगळ्याला ‘हवामान संशोधन केंद्र’ म्हणत. पाड्यावर ‘मशीन’ म्हणत.

मी वर्तमानपत्रातली नोकरी सोडून त्या वेळी एका संशोधन संस्थेत होतो. निधी मागण्यासाठी प्रस्ताव लिहायचे आणि निधी मिळाला की अहवाल लिहायचे, हे माझे काम. डोंगरातल्या पाड्यांवर ऊन, पाऊस आणि ओल कशी बदलते आहे याच्या नोंदी फार कमी आहेत. जुनी केंद्रे तालुक्याच्या गावी किंवा किनाऱ्याकडे. त्यामुळे जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत उंचावर अशी केंद्रे हवीत, हे पटवणे अवघड नव्हते. अवघड होते ते पुढचे. उपकरण विकत घ्यायला पैसे देणारे भेटतात. उपकरणाजवळ रोज सकाळी जाऊन उभे राहणाऱ्या माणसाच्या मानधनाचा रकाना आला की प्रश्न सुरू होतात.

सूर्यमाळला ते माणूस म्हणजे पाड्यावरचीच एक बाई होती. दहावी झालेली, तिशीच्या आतबाहेरची. आमच्या कागदावर ती ‘निरीक्षक’ होती. केंद्र सुरू होण्याआधी ती आणि तिचा नवरा दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात. भट्टीवर जोडी लागते; एकट्या माणसाला मुकादम सहसा घेत नाही. मुलगी बरोबर जाई आणि पावसाळ्याआधी परत येई, तोवर शाळेचे अर्धे वर्ष गेलेले असे. मानधन सुरू झाल्यापासून हे थांबले. नवरा खोडाळ्याच्या बाजूला मिळेल ते काम करू लागला, मुलगी सलग शाळेत जाऊ लागली आणि चौथीपर्यंत आली. निधीचा पहिला टप्पा जूनअखेर संपत होता. दुसरा मिळाला नाही तर काय होईल, हे त्या घराला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मे महिन्यात निधी देणाऱ्यांची समिती केंद्र पाहायला येणार होती. त्याच्या आठवडाभर आधी संस्थेतल्या प्रमुख शास्त्रज्ञ बाईंचा मला फोन आला. त्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणत असू.

“सूर्यमाळचे भांड्याचे आकडे पुन्हा बघितले,” त्या म्हणाल्या. “मला भीती वाटतेय.”

“का? तेच तर आपलं मुख्य निरीक्षण आहे.”

“म्हणूनच.”

त्या वर्षी सूर्यमाळच्या भांड्यातून उन्हाळ्यात उडणारे पाणी घटले होते. हिवाळ्यापेक्षाही कमी उडत होते. प्रस्तावात आम्ही ते ठळकपणे मांडले होते. आकडे मॅडमच्या विभागाचे, वाक्य माझे: उंचावरच्या वनपट्ट्यात भर उन्हाळ्यात बाष्पीभवन घटत असल्याचे प्राथमिक संकेत. समितीला आम्हाला भेटावेसे वाटले ते बहुधा त्याच वाक्यामुळे. आता मॅडमनी ते आकडे वाऱ्याच्या आणि तापमानाच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिले होते. ऊन नेहमीसारखे, वारा नेहमीसारखा, आणि पाणी मात्र उडत नव्हते.

“एक तर आपल्याला काहीतरी फार मोठं सापडलंय,” त्या म्हणाल्या, “नाहीतर ती घरात बसून आकडे लिहितेय. तुम्ही वर जाऊन या. तिला न सांगता.”

न सांगता जाणे मला आवडले नाही, पण गेलो. जव्हारहून मोखाडा, तिथून खोडाळा, मग चढण. वाटेत एका वळणावरून धरणाचे पाणी दिसते. त्याच रस्त्यावरून टँकर चढत होता, माझी गाडी त्याच्या मागे. टँकरच्या झाकणातून पाणी उसळून रस्त्यावर सांडत होते आणि डांबरावर पडताच वाळत होते. आकडे बनावट निघाले तर काय लिहायचे याचा विचार मी करत होतो. बातमीदार असताना हा प्रश्न सोपा होता.

केंद्रावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होते. कुंपणाचे फाटक उघडे. भांडे मात्र दिसेना. जिथे ते असायला हवे होते तिथे हिरवा ढीग होता. जवळ गेल्यावर कळले की जाळीवर जांभळीच्या डहाळ्या रचल्या आहेत, एकीवर एक, पानांची दाट थप्पी. खालचे पाणी पूर्ण झाकलेले. कुंपणाबाहेर पत्र्याच्या खोपीच्या सावलीत एक म्हातारी मोहाच्या बिया फोडत बसली होती. ती निरीक्षक बाईची सासू.

“कोन? मशीनवाले का?” तिने विचारले.

“हो. जव्हारहून आलो. सून कुठे आहे?”

“हिरीवर. टँकर आला ना. तुमी बसा सावलीला. पानी मागू नका पन, आधीच सांगते.” आणि ती हसली.

“या डहाळ्या कोणी घातल्या, आजी?”

“मी. आनि कोन घालनार? तुमच्या सायबांनी जाळी टाकून दिली. जाळीनं ऊन अडतं काय? येवढी शिकलेली मानसं, पन पानी कसं ठेवायचं ते तुमच्या आयांनी शिकवलं नाय वाटतं.”

“कधीपासून घालता?”

“औंदा हिर आटली, टँकर सुरू झाला तवापासून. हंड्यात घालतो, पिपात घालतो. मग ह्यालाच काय उघडं ठेवायचं? पाप लागंल.”

टँकर विहिरीत पाणी ओततो आणि बायका ते शेंदून नेतात. हंडा डोक्यावर घेण्याआधी त्यात जांभळीची डहाळी टाकतात, म्हणजे चालताना पाणी हिंदकळून सांडत नाही. घरी पिपात ओतले की पिपावरही डहाळ्या. झाकलेले पाणी कमी उडते, हे तिथे कोणी कोणाला सांगत नाही. उघडे पाणी दिसले की हात आपोआप जवळच्या झाडाकडे जातो. तेवढ्यात सून आलीच, डोक्यावर दोन हंडे, वरच्या हंड्यात डहाळी. मला पाहून ती थबकली. हंडे उतरवून, पदराने तोंड पुसून तिने आधी भांड्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे.

“काय झालं, सर? तपासनी हाय?”

“या डहाळ्या तुला माहीत होत्या?”

“हो. सासूबाई घालतात. सकाळी वाचायच्या आधी मी काढते. वाचताना पानी उघडंच असतं, सर. फोटो पन तसाच पाठवते.”

ती खरे बोलत होती. रोजच्या फोटोत भांडे स्वच्छ, पाणी उघडे, सुई स्पष्ट दिसे. आकडे घरी बसून लिहिलेले नव्हते. प्रत्येक आकडा मोजलेला होता. मोजले जात होते ते सावलीत ठेवलेले पाणी.

मी सांगू लागलो, की पाणी उडावे म्हणूनच ते ठेवले आहे, झाकले तर मोजण्याचा अर्थ जातो. माझे वाक्य संपण्याआधीच तिला समजले. ती खाली बसली. प्रशिक्षणाच्या वेळी दिलेला सूचनांचा कागद मी स्वतः मराठीत उतरवला होता. भांड्यात पाने पडली तर काढावीत, असे त्यात होते. पाने घालू नयेत, असे नव्हते. कोणाच्या डोक्यातच आले नव्हते.

“म्हंजे उन्हाळ्याचे सगळे आकडे गेले?” तिने विचारले.

“टँकर सुरू झाल्यापासूनचे.”

“मग दुसरा टप्पा?”

तिची सासू बिया फोडायची थांबली होती.

“काय गं, काय म्हनतो हा? पानी वाचवलं ते चुकलं?”

“चुकलं, आय.”

“कोनाचं पानी वाचवलं? तुमचंच ना?” तिने मला विचारले. “तुमचं पानी उन्हानं पिऊ नये म्हनून मी डोंगर उतरून डहाळ्या आनते. नाय वाचवायचं तर तसं सांगायचं. आमी घरी नेलं असतं.”

सुनेने तिला गप्प केले. नंतर फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, “त्यांच्यावर घालू नका, सर. मी काढत होते म्हंजे मला ठाऊक होतं. माझंच नाव लिवा. पन आमाला काढू नका.” ही दोन्ही वाक्ये एकत्र कशी बसणार, हे तिलाही दिसत होते. ती तशीच उभी राहिली.

मॅडम दुसऱ्या दिवशी जव्हारला आल्या. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसून मी त्यांना सगळे सांगितले. आकडे बनावट नाहीत हे ऐकून त्यांचा चेहरा क्षणभर सैल झाला, आणि मग पुन्हा पहिल्यासारखा झाला. प्रस्तावातले ते वाक्य आता पुसायचे होते, आणि समिती निघाली होती.

“उपकरणात दोष होता असं लिहिता येईल का?” मी विचारले. “भांडं गळत होतं, असं काहीतरी.”

“गळलं असतं तर आकडे वाढले असते. पाणी जास्त ओतावं लागलं असतं ना,” त्या म्हणाल्या. “खोटं बोलायचं तर निदान विषय शिकून घ्या.”

आम्ही दोघेही हसलो, पण ते टिकले नाही. समोर आलेल्या पोह्यांना त्यांनी हात लावला नाही. खरे सांगितले तर निरीक्षक अकुशल ठरेल आणि केंद्र बेभरवशाचे. न सांगितले आणि समितीतल्या कोणी मॅडमसारखेच वाऱ्याचे आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर फक्त सूर्यमाळ नाही, दोन्ही तालुक्यांतली सगळी केंद्रे संशयात जातील. शेवटी त्या म्हणाल्या, “मी सांगणार. भांड्यासमोर उभी राहून सांगणार. ती तिथे असेल तर तिच्यासमोर.” त्यानंतर बराच वेळ त्या हातातली बाटली उघडत आणि बंद करत होत्या.

समिती म्हणजे प्रत्यक्षात दोघे आले. एक निवृत्त प्राध्यापक, तेच अध्यक्ष. आणि निधीचा हिशेब पाहणारे एक अधिकारी. अधिकाऱ्यांना घाटात गाडी लागली होती आणि ते फारसे बोलत नव्हते. सून इस्त्रीची साडी नेसून कुंपणाशी उभी होती. भांडे त्या दिवशी उघडे होते. पाण्यात आभाळ दिसत होते. सासूला घरी थांबायला सांगितले होते. ती आली होती.

मॅडमनी सगळे सरळ सांगितले. डहाळ्या, टँकर, निरीक्षकाला मिळालेल्या सूचना, त्यात राहून गेलेली गोष्ट. प्रस्तावातले निरीक्षण मागे घेत असल्याचे सांगितले. त्या बोलत असताना मी अध्यक्षांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो आणि सून अधिकाऱ्यांच्या. मला वाटते, तिने योग्य माणूस निवडला होता.

“म्हणजे याची जबाबदारी कोणाची?” अधिकाऱ्यांनी विचारले.

“माझी,” सासू मागून म्हणाली. “मी घातल्या. काय करनार? टँकर बंद करनार?”

अध्यक्ष तिच्याकडे वळले. “बाई, हे पाणी उडावं म्हणूनच ठेवलंय.”

“कशाला?”

“किती उडतं ते बघायला.”

“मग मला विचारायचं. सगळंच उडतं.”

अध्यक्ष मोठ्याने हसले. मॅडमही हसल्या. मीही. पहिल्यांदाच श्वास मोकळा झाल्यासारखे वाटले, आणि त्याच वेळी अधिकारी शांतपणे म्हणाले, “स्वयंचलित उपकरण घेतलं तर हा प्रश्नच येणार नाही ना? संवेदक बसवा, आकडे थेट तुमच्या संगणकावर येतील. मग इथे रोज माणूस कशाला हवं?”

त्यात द्वेष नव्हता. त्यांच्या बाजूने पाहिले तर ती मदतच होती: केंद्र वाचत होते. अध्यक्षांनी मान डोलावली. सून कुंपणाची तार धरून उभी होती. परतीच्या वाटेवर मॅडम म्हणाल्या की दौरा अपेक्षेपेक्षा चांगला झाला. मी हो म्हणालो. दोघांनीही खिडकीबाहेर पाहिले.

पावसाळ्याच्या सुरुवातीला कळवण्यात आले की दुसरा टप्पा तत्त्वतः मंजूर आहे. उपकरणांसाठी मागितल्यापेक्षा जास्त रक्कम होती. निरीक्षकाच्या मानधनाचा रकाना रद्द होता.

मॅडमनी लगेच उत्तर तयार केले. नवे उपकरण बसवले की जुने आणि नवे काही काळ शेजारी शेजारी चालवावे लागतात. दोन्हींचे आकडे जुळतात का ते पाहावे लागते, नाहीतर आधीच्या नोंदी निरुपयोगी होतात. जगभर असेच करतात. तेवढ्या काळासाठी माणूस हवे. मुद्दा शास्त्राचा होता आणि खरा होता. तो मांडताना त्यांच्या मनात कोण होते हे मला माहीत होते, पण मसुद्यात ते कुठेही दिसू दिले नाही. सुधारित प्रस्ताव गेला. आज होईल, उद्या होईल असे करत पावसाळा गेला.

मानधन जूनअखेर थांबले होते. आकडे थांबले नाहीत. पाड्यावर सगळीकडे फोन लागत नाही. टेकाडाच्या एका कडेला लागतो. भर पावसात डोक्यावर पानांचे इरले घेऊन ती तिथवर जाई आणि आकडा व फोटो पाठवी. मी तिला फोन करून सांगितले की आता नाही पाठवले तरी चालेल.

“मधे तुटलं तर तुमीच म्हनाल, तुटलं,” ती म्हणाली. “मग त्या हिशेबवाल्या सायबाला बरंच होईल. लागत नाय म्हनेल मानूस.”

मी पुन्हा तो विषय काढला नाही. त्यानंतर मात्र दर आठवड्याला निधीच्या कार्यालयात फोन करू लागलो. तिथला कारकून माझा आवाज ओळखू लागला. “साहेब, तुमचीच फाइल आहे टेबलावर,” तो म्हणे, आणि ती कोणाच्या टेबलावर आहे ते सांगत नसे.

भात कापून झाले, नागली खळ्यावर आली, दिवाळी झाली. एका सकाळी सूर्यमाळहून फोन आला. आकडा नेहमीप्रमाणे आधीच पोचला होता, त्यामुळे फोन कशाचा ते लगेच कळले नाही. मागे गाडीचे इंजिन चालू होते आणि बरीच माणसे बोलत होती.

“सर, मुकादमाचा टेम्पो आलाय,” ती म्हणाली. “जोडी मागतोय. आता नाय गेलो तर दुसरी जोडी घेईल. बसू का नको?”

मी तिला थांबायला सांगून कार्यालयात फोन लावला. फाइल सहीसाठी आत गेली आहे, असे कारकून म्हणाला. सही होईल ना? “होईल असं वाटतं,” तो म्हणाला. बातमी पक्की नसेल तर छापायची नाही, हे मला पहिल्या नोकरीत पहिल्या आठवड्यात शिकवले होते. मी सूर्यमाळला फोन लावला आणि जेवढे पक्के होते तेवढेच सांगितले: फाइल सहीसाठी गेली आहे. सही झालेली नाही.

“होईल का?”

“मला माहीत नाही.”

इंजिनाचा आवाज येत राहिला. मग मागून तिच्या सासूचा आवाज आला.

“काय म्हनतो? नाय झाली? मग तू थांब. मी बसते.”

“आय, येडी झालीस?”

“जोडी पायजे ना त्याला? मी आनि माझा पोर. झाली जोडी.”

एका पुरुषाचा हसण्याचा आवाज आला. तो मुकादम असावा. “म्हातारे, तिथं काय करशील? माती कालवशील का बिया फोडशील?”

“तुझ्या आईच्या वयाची हाय म्हनून लाजतोस काय? थापून दाखवते. कमी पडलं तर सोड मला अर्ध्या वाटेत, येईन चालत.”

“आनि तिकडं आजारी पडलीस तर?” त्याच आवाजाने विचारले.

“हितं पडले तर तू येनार होतास काय बघायला?”

कोणीतरी हसले. म्हातारीचा मुलगा काहीतरी म्हणाला; ते मला ऐकू आले नाही. पत्र्यावर गाठोडे आपटल्याचा आवाज झाला. सून “आय, आय” असे दोनदा म्हणाली. फोन बहुधा तिने कानाला धरलेला नव्हता, हातात तसाच राहिला होता. टेम्पो निघाल्याचे मला कळले ते आवाज हळूहळू कमी होत गेल्यामुळे. मग तिने फोन कानाला लावला.

“गेल्या,” ती म्हणाली. “सर, आता सही व्हायलाच पायजे.”

हे लिहीपर्यंत सही झालेली नाही. नकारही आलेला नाही. कार्यालयातला कारकून बदलला आहे आणि नव्याला मी सगळे पहिल्यापासून सांगितले. भट्टी भिवंडीच्या पलीकडे आहे. म्हातारीची तब्येत कशी आहे हे सुनेला नवऱ्याच्या फोनवरून कळते, तो करतो तेव्हा. नात शाळेत जाते. सूर्यमाळहून रोज सकाळी आकडा येतो. पूर्वी आकड्याखाली मी काही लिहीत नसे. आता काहीतरी लिहायला हवे असे वाटते, आणि खात्रीने लिहिता येईल असा एकच शब्द माझ्याकडे आहे. मी ‘मिळाला’ एवढे लिहून पाठवतो.